रॉकेटच्या टोपीचं अस्तर

९ जानेवारी

आज आमच्या बायकांच्या शिवणसंस्थेत पुण्याहून एक मुलगी आली आणि म्हणाली, "आमच्या रॉकेटला आतून अस्तर लावायचंय. तुम्ही शिवाल का?"

मला वाटलं, रॉकेट नावाची एखादी इंग्रजी शाळा असेल. आम्ही गणवेश शिवतो, तेव्हा तसंच काही. मी विचारलं, "पटावर मुलं किती?"

ती हसली नाही, म्हणून मला बरी वाटली. नाव शिवकन्या. आपल्या लिंबागणेशची. आई गावात झंपर शिवायची. ही इंजिनिअर झाली आणि पुण्याच्या एका नव्या कंपनीत तपासणीचं काम बघते. तिने मोबाइलवर चित्र दाखवलं. रॉकेटच्या टोकाला एक टोपी असते, दुमजली घराएवढी उंच. शेंगेसारख्या दोन फाका. आत उपग्रह बसवतात. हवेतून वर जाईपर्यंत टोपी त्याला जपते. हवा संपली की फाका उघडतात आणि गळून पडतात. पण उडताना इंजिनाचा आवाज एवढा भयंकर असतो की नुसत्या आवाजाने उपग्रह मोडू शकतो. म्हणून टोपीला आतून अस्तर लावायचं: फोमची गादी, तिच्यावर चंदेरी पातळ पडदा आणि कडेने शिलाई.

"आवाजानं मोडतो?" बायडाबाई म्हणाली. ती धनगरवाड्यातली, संस्थेतला सगळ्यात सुंदर टाका तिचा. "आमच्या पुतण्याच्या लग्नात डीजेनं भिताडाचं पोपडं पडलं हुतं, तसंच का?"

"तसंच," शिवकन्या म्हणाली. "फक्त लई जास्त."

संस्थेतल्याच चतुराबाईने विचारलं, "पुणं सोडून हितं कावून आलीस, बाई?"

"मोठ्या कारखान्यांना एवढंसं काम नको असतं. प्रत्येक तुकड्याची गोलाई वेगळी, मशीनवर सरसकट होत नाही. हाताने गादीला टाके घालणाऱ्या बायका पाहिजेत. आणि सांगितलेलं पाळणाऱ्या."

शेवटचं वाक्य तिने सावकाश म्हटलं.

पोळ्यानंतर पाऊस नाही. माजलगावच्या धरणात म्हणे गाळ दिसतोय. ऊसच नाही, त्यामुळे तोडीला जाणाऱ्या बायकाही गावात बसून आहेत. सभेत मी विचारलं, घ्यायचं का हे काम? सगळ्यांचे हात वर. मी सचिव, म्हणून माझा हात शेवटी. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

१७ जानेवारी

शिवकन्या आठवडाभर राहिली. तिच्याजवळ एक जाड पुस्तक आहे, त्याला ती 'मानक' म्हणते. टोपीची, अस्तराची, दोऱ्याचीसुद्धा चाचणी कशी घ्यायची ते त्यात लिहिलंय. इंचाला आठ टाके. सात नको, नऊ नको. प्रत्येक गादीला बारीक छिद्रं आणि त्यांवर जाळी, कारण वर हवा विरळ होते आणि आतली हवा सुटली नाही तर गादी फुगून फुटेल. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधून कागदावर चिकटवायचे. एक जरी तुकडा सापडला नाही तरी काम बंद.

"एवढ्याशा टोकानं काय हुतंय?" चतुराबाई म्हणाली.

"थरथरीने ते टोक बाहेर आलं आणि उपग्रहाच्या तारांत जाऊन अडकलं, तर काढायला कोण जाणार? मी जाऊ की तुम्ही जाल?"

पुस्तकात 'साधारण' हा शब्द कुठेच नाही, हे माझ्या ध्यानात आलं. आपल्याकडे मीठ साधारण, पाऊस साधारण, पोराला मार्क साधारण. मला ते पुस्तक देवघरातल्या पोथीसारखं वाटायला लागलंय. हात धुतल्याशिवाय उघडत नाही.

२ फेब्रुवारी

मागच्या खोलीची 'स्वच्छ खोली' झाली. भिंतींना पांढरा रंग, छताला वारा गाळणारा पंखा, दाराला दुहेरी पडदा. आम्ही सगळ्यांनी मिळून दोन वेळा घासली. मी म्हटलं, आता यात नैवेद्य मांडावा इतकी स्वच्छ आहे.

शिवकन्याने खिडक्या झाकल्या, दिवे मालवले आणि एक जांभळा दिवा फरशीवर आडवा धरला.

अगं बाई. सगळी फरशी चमकायला लागली. केसाचे तुकडे, दोऱ्याचे तंतू, धुळीचे कण, आकाश उताणं पडल्यासारखं. बायडाबाईने आपला हात दिव्यात धरला, तर हातावरसुद्धा तारे. मला वाटलं, आपण जन्मभर यात चालत होतो, यातच स्वैपाक केला, लेकरं वाढवली, आणि हे दिसलंच नव्हतं.

"हे घाण नाही," शिवकन्या हळू म्हणाली. "हे नेहमीचंच आहे. पण उपग्रहाच्या डोळ्याला यातला एक कणसुद्धा चालत नाही."

पुन्हा घासली.

५ फेब्रुवारी

आज मोठं वादळ झालं. आत जाताना पांढरा कोट, टोपी, मोजे. इथपर्यंत ठीक. पण काचेच्या बांगड्या नकोत, कुंकू नको, टिकली नको, पावडर नको. काच उडते, कुंकवाचा कण उडतो.

बायडाबाई दारातच बसली. "नवरा जित्ता आसताना हात मोकळं करू? सासू घरात घ्यायची न्हाई मला."

एकीचं ऐकून सगळ्याच मागे सरल्या. शिवकन्याने पुस्तक मिटून ठेवलं. लिंबागणेशची पोर आहे, तिला कळत होतं की हा हट्ट नाही. मला तर दोन्ही बाजू पटत होत्या, म्हणून मी काहीच बोलले नाही. सचिवाला असं चालत नाही, पण बोलले नाही खरं.

मग चतुराबाई उठली. तिचा नवरा जाऊन बारा-चौदा वर्षं झाली. कुणाच्या हळदीला तिला पुढं बोलवत नाहीत, ओटी भरायला बोलवत नाहीत. तिने कोट अंगात घातला, टोपी बांधली आणि म्हणाली, "माज्याकडं तर काडायला कायबी न्हाई. मी जाते पयली."

आणि गेली. पडद्याआड तिची पांढरी आकृती दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती कुठंतरी सगळ्यांच्या आधी आत गेली असेल.

थोड्या वेळाने बायडाबाईने तोंडात शिवी पुटपुटत एकेक बांगडी उतरवली. मी भिंतीला खुंट्या ठोकून घेतल्या, प्रत्येकीच्या नावाची एक. संध्याकाळी बाहेर आल्यावर जिच्या तिने परत घालायच्या. तिच्या सासूला सांगायला मी स्वतः गेले. सासू म्हणाली, "दवाखान्यात बी काडायलाच लावत्यात की." म्हणजे तिची हरकतच नव्हती.

१९ फेब्रुवारी

गावाला आता टँकर. आमचे मालक गहिनीनाथ टँकरवरच ड्रायव्हर आहेत, त्यामुळे सगळ्या गावाच्या शिव्या आमच्या घरावरून जातात. खोलीची फरशी रोज ओल्या फडक्याने पुसावी लागते. आज टँकरपाशी दगडाबाईने मला सगळ्यांदेखत धरलं. दगडाबाई पंच्याहत्तरीची, तिच्या तोंडाला पाटीलसुद्धा भितो.

"मान्साला प्यायला न्हाई आन् तुमी फरशीला पाणी पाजता? आन् ते बी नवऱ्याच्या टँकरचं?"

मला राग आला, पण ती खोटं काय बोलली? संस्थेत सांगितलं. असं ठरलं की टँकरचं वेगळं पाणी घ्यायचं नाही. जी कामाला येईल तिने घरच्या वाट्यातलं एक तांब्या पाणी आणायचं. आज दारात तांबे ठेवलेले बघून शिवकन्याने फोटो काढायला मोबाइल वर केला आणि मग तसाच खाली घेतला.

४ मार्च

बायडाबाईचं काही कळत नाही. हात सोन्याचा, पण हल्ली सुईत दोरा दुसरीकडून ओवून घेते. कधी चतुराकडे जाते, कधी माझ्याकडे. बोलायला निमित्त पाहिजे, दुसरं काय. आज रागावले तिला. म्हटलं, गप्पा बाहेर.

कंपनीने नियमांची नवी प्रत पाठवलीय, ती फारच बारीक अक्षरात छापलीय. कागद वाचवतात वाटतं. हात लांब करून वाचावी लागते.

१६ मार्च

आज शिवकन्याने काचेची मोठी हंडी आणली. आत आमच्या गादीचा एक तुकडा ठेवला आणि पंपाने हवा काढायला लागली. तुकडा हळूहळू फुगला. पुरीसारखा. आम्ही सगळ्या हंडीभोवती वाकलेल्या. मला वाटलं, आता फुटतो. मग तो थांबला आणि जाळीतून श्वास सोडल्यासारखा बसत बसत सपाट झाला. एक टाका उसवला नाही.

"आता हंडीत काहीच नाही," शिवकन्या म्हणाली. "वर जसं असतं तसं."

बायडाबाईने काचेला कान लावला. "वर कसलाच आवाज न्हाई व्हय?"

"नाही."

"मंग तिकडं गेलेल्याला बरं वाटत आसंल," ती म्हणाली. तिच्या घरी अकरा माणसं आणि चाळीस शेळ्या आहेत.

२८ मार्च

गाद्या भराभर पुऱ्या होतायत. मी सहा नंबरच्या गादीची कड घालत होते, मशीनने मधेच खट् केलं आणि टाका सुटला. सुई बोथट झाली असेल. वापरलेल्या सुयांच्या माझ्या डबीत टाकून दुसरी लावली, चार इंच उसवून परत घातलं. उजेड कमी होता, आभाळ धुळीने भरलेलं.

ट्रक आठ तारखेला, सोमवारी येणार. टोपीची आवाजाची चाचणी जिथे होते ती जागा वर्षभर आधी ठरवावी लागते म्हणे, त्यामुळे दिवस चुकवायचा नाही.

६ एप्रिल

आज अक्षर बघवत नाही.

दुपारी चतुराबाई सुयांच्या डब्या जुळवत होती. बायडाबाईच्या डबीतली एक सुई तिने बोटावर फिरवली आणि म्हणाली, "हिला टोक न्हाई."

बाकीच्या डब्या तशाच राहिल्या. बायडाबाई आधी म्हणाली मला माहीत नाही. मग खाली बसली आणि रडायला लागली. आठ-दहा दिवसांपूर्वी मोडली होती. टोक शोधलं, सापडलं नाही, दिसलंच नाही. कुणाला सांगितलं नाही.

"कावून न्हाई सांगितलंस?" मी ओरडले. "पुस्तकात लिवलंय की सांगणारीला शिक्षा न्हाई म्हनून!"

"पुस्तकात लई लिवलंय. म्या सांगितलं आसतं तर तुमी म्हनला आसता, हिला दिसंना, हिला काडा."

मी तिला फार बोलले. बेजबाबदार म्हटलं, सगळ्यांच्या अन्नावर पाय दिलास म्हटलं. ती ऐकून घेत होती.

त्या दिवसांतल्या नऊ गाद्या पिशव्यांत बंद होऊन तयार आहेत. ट्रक परवा येणार. घरी आल्यावर मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "शेवटी समुद्रातच पडणार ना ते? जवाएवढं टोक. दे पाठवून. कोण बघतंय?"

हेच माझ्याही मनात होतं. मी सरळ लिहिते, कारण इथं खोटं लिहून काय उपयोग. तासभर मी तेच धरून बसले होते. पण डोळे मिटले की ती जांभळ्या दिव्यातली फरशी दिसायची.

फोन केला. शिवकन्याने किती गाद्या, कुठल्या दिवसांच्या, ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "मुक्ताकाकी, तुम्ही सांगितलंत हे बरं झालं. आता उसवू नका काही. जवळ एक्स-रेचं मशीन कुठं आहे?"

७ एप्रिल

शिवकन्या रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचली. नऊ गाद्या पिशव्यांसकट जीपमध्ये उभ्या केल्या आणि बायडाबाई-चतुराबाईला घेऊन केजला डॉक्टरांकडे गेलो. रविवार, दवाखान्यात गर्दी नव्हती. एक म्हातारबा पाय धरून बाकावर बसलेले. कंपाउंडर वही उघडून म्हणाला, "पेशंटचं नाव?"

मी म्हटलं, "गादी नंबर एक."

त्याला वाटलं थट्टा चाललीय. डॉक्टर बाहेर आले. शिवकन्याने त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला, शाळेतल्या पोरासारखा झाला. "रॉकेटचं? इथं? माझ्या मशीनवर?" मग एकदम आठवून म्हाताऱ्याकडे वळले. म्हातारबा म्हणाले, "माजा पाय कुटं जातोय? आदी त्या गाद्याचं बगा."

गादी दाराएवढी, म्हणून एकेकीचे सहा-सहा फोटो. पडद्यावर आमची गादी उमटली. टाका दिसेना, दोरा दिसेना, चंदेरी पडदासुद्धा नाही, नुसतं धुकं. जिच्यावर मान मोडून दिवस दिवस काम केलं ती आतून अशी धुक्याची असते, हे तिथं पहिल्यांदा बघितलं. आपण एवढं घट्ट समजतो ते इतकं आरपार असतं.

एक नाही. दोन नाही. तीन नाही. चौथ्या गादीच्या कोपऱ्यात धुक्यात एक पांढरी रेघ. जवाएवढीच.

बायडाबाई मागे उभी होती, तिने "आई गं" म्हटलं आणि हात जोडले. कुणाला, ते तिलाच माहीत. डॉक्टर, कंपाउंडर, म्हातारबा, सगळे आनंदले. मी म्हटलं, "झालं, चला."

शिवकन्या म्हणाली, "काकी, नऊच्या नऊ बघायच्या."

सहाव्या गादीत दुसरी रेघ होती.

कड धरून, शिलाईच्या अगदी खाली. मी म्हटलं, ही कुणाची? पिशवीवर शिवणारीचं नाव असतं. चतुराबाईने पिशवी माझ्याकडे फिरवली. माझंच नाव.

खट् झालेलं मशीन. डबीत टाकलेली सुई. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. की बघितलं होतं आणि दिसलं नव्हतं?

मी बाकावर त्या म्हाताऱ्याशेजारी बसले. बायडाबाई माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलणार, आणि मी ऐकून घ्यायला तयार होते. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमालाबी दिसंना व्हय, बाई?"

मला तिथं कळलं.

८ एप्रिल

ट्रक आला आणि रिकामा गेला, अस्तर अर्धवट पाठवून उपयोग नव्हता. दोन्ही गाद्या उसवल्या, टोकं काढली, सुयांना जोडून बघितली. तंतोतंत. कागदावर चिकटवली. माझ्या कागदावर मीच सही केली.

शिवकन्या म्हणाली, "जो तपासतो त्याच्या डोळ्यांची दरवर्षी तपासणी करायची, असा नियम आहे. कंपनीतल्या माणसांची मी केली. तुमची राहिली. हे मी माझ्या नावावर लिहिणार." मी म्हटलं, कशाला पोरी. ती म्हणाली, "काकी, नाहीतर पुढच्या बाईचीही तपासणी अशीच राहून जाईल."

चाचणीची जागा हुकली तर काम दुसऱ्याकडे जाईल, हे तिने सांगितलं नाही. ती बाहेर उन्हात उभी राहून फोनवर बोलत होती तेव्हा मी ऐकलं. "दोन गाद्या नव्याने शिवायच्यात, मला नऊ दिवस द्या. हो, माझ्या जबाबदारीवर." ती एवढी रडवेली झालेली मी पहिल्यांदा बघितली. आत आल्यावर तोंड धुऊन हसली.

१३ एप्रिल

डोळे तपासल्यावर निम्म्याहून जास्त बायकांना चष्मे लागले. माझाही आला. लावल्यावर पहिल्यांदा मी सुई बघितली. तिचं नेढं, नेढ्यातून पलीकडची भिंत. मग माझी ही डायरी बघितली. जानेवारीपासून ओळी खाली खाली घसरत गेल्यात आणि मला वाटत होतं मी सरळ लिहितेय.

संध्याकाळी मालक टँकर लावून घरी आले. त्यांच्याकडे नीट बघितलं. केवढे सुकलेत. डोळ्यांखाली, गळ्यापाशी, सगळीकडे सुरकुत्या. "असं काय बघतीस?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही. च्या टाकते."

बायडाबाई चष्मा लावून धनगरवाड्यात फिरून आली म्हणे, प्रत्येक शेळीजवळ जाऊन.

१७ एप्रिल

गाद्या गेल्या. सगळ्या. वेळेत.

११ जून

बेंगळुरू. चतुराबाई आणि मी. लातूरहून रेल्वेने आलो, शिवकन्याने बोलावलं होतं. बायडाबाईला शेळ्या सोडून येता आलं नाही.

मोठ्या दालनात आमची टोपी उभी होती. मोबाइलवर बघितली होती, पण हे वेगळं. मान मागे टाकली तरी टोक दिसेना. पांढरी, गुळगुळीत, कुठेही कोपरा नाही. एक फाक उघडी होती आणि आत चंदेरी अस्तर, वीत न् वीत आपलीच शिलाई, खालपासून वरपर्यंत. मधे उपग्रहाच्या जागी तेवढ्याच वजनाचा लोखंडी साचा. मला आईच्या पोटात डोकावल्यासारखं वाटलं. चतुराबाईने तोंडावर पदर घेतला. 

मग फाक मिटली आणि टोपी आवाजाच्या खोलीत नेली. त्या खोलीची भिंत माझ्या अख्ख्या हाताएवढी जाड. भिंतीत मोठाले कर्णे बसवलेले. आत माणूस राहिला तर आवाजानेच जाईल, असं सांगितलं. आम्ही दुसऱ्या इमारतीत टीव्हीसमोर. शिवकन्या कागद धरून उभी. मी विचारलं, "उडताना एवढाच आवाज होणार?"

"नाही. उडताना याहून कमी. चाचणीत मुद्दाम जास्त देतात. खरं संकट येतं त्याहून मोठं आपणच आधी आणायचं. त्यातून तगलं तरच पाठवायचं."

चतुराबाई म्हणाली, "मंग आमी तर कवाच पास हाव."

तिथले दोन इंजिनिअर वळून तिच्याकडे बघायला लागले.

सुरू झालं. टीव्हीत काहीच दिसेना, टोपी नुसती उभी. पण पायाखालची फरशी गुणगुणायला लागली. माझ्या चपलांतून, गुडघ्यांतून, दातांतून. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी कापत होतं. त्या भिंतीपलीकडे काय चाललं असेल आणि त्यात आमच्या बायकांनी घातलेले टाके काय सोसत असतील? आठ टाके. सात नको, नऊ नको. मी चतुराबाईचा हात धरला होता, हे नंतर कळलं.

थांबलं. टोपी उघडली. शिवकन्या आत गेली, आम्हालाही कोट चढवून नेलं. साच्याजवळ लावलेल्या यंत्रांनी आवाज मोजला होता. बाहेरच्यापेक्षा बराच कमी, पुस्तकात लिहिलेल्या रेषेच्याही खाली. एक कड उघडली नव्हती. मग शिवकन्याने साच्याच्या खांद्यावरून एक पांढरं कापड फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं.

"तुम्ही बघा, काकी."

मी चष्मा पुसला. उलटसुलट करून बघितलं. दिव्यासमोर धरलं.

"पांढरं आहे," मी म्हटलं.

ती तिथेच पायरीवर बसली. इतके दिवस ती उभीच होती असं मला वाटलं.

२३ फेब्रुवारी

मधे किती महिने गेले. पाऊस झाला, धरणात पाणी आलं, टँकर बंद झाले. संस्थेत दुसऱ्या टोपीचं काम चालू आहे. ही डायरी आज परत उघडली, कारण आज आमचं रॉकेट उडालं.

शाळेच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. सगळं गाव आलेलं. बायडाबाईचं सगळं घर, सासूसकट. दगडाबाईला खुर्ची. मालक मागे भिंतीला टेकून.

आकडे उलटे मोजले आणि पांढऱ्या धुरातून ते वर निघालं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी शिट्ट्या ऐकल्या नाहीत, मला पायाखालची ती फरशी आठवत होती. वर, वर, मग नुसता ठिपका. त्यानंतर रॉकेटवरच्याच कॅमेऱ्यातून चित्र यायला लागलं. आकाश काळं झालं होतं, दिवसाढवळ्या. खाली पृथ्वीची निळी कड, वाकलेली.  शेळ्या राखणारे, टँकर चालवणारे, ऊस तोडणारे, सगळे त्या निळ्या कडेकडे बघत होते. त्यातच कुठेतरी आपणही बसलोय, हे माझ्या डोक्यात मावेना.

मग टोपी उघडली. आवाज नाही, झटका नाही. दोन फाका एकमेकींपासून दूर झाल्या आणि एक फाक फिरली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूवर सूर्य पडला. चंदेरी. लखकन. डोळ्याची पापणी लवते तेवढंच. त्यात चतुराबाईची शिलाई होती, बायडाबाईची, माझी. मग ती फाक लहान होत होत निळ्यात गेली. उपग्रह काळ्या आकाशात उघडा उभा, कोरा करकरीत, नुकताच न्हाऊ घातल्यासारखा.

टाळ्या थांबेनात. बायडाबाई चष्मा काढून डोळे पुसत होती, परत लावत होती, परत पुसत होती. शिवकन्याचा फोन आला. दोघींनी नुसताच फोन धरून ठेवला.

बाहेर पडताना दगडाबाईने माझा दंड धरला. "मुक्ता, तुमी शिवलेलं कुटं गेलं गं?"

"समुद्रात पडलं, काकी."

"समदं?"

"समदं."

तिने थोडा विचार केला. "आन् ज्याला पांगरलं हुतं, ते?"

"ते वर हाय. फिरतंय."

"नीट हाय?"

"नीट हाय."

"मंग झालं की," दगडाबाई म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर भार टाकून पायऱ्या उतरायला लागली.